घरचा ठेवा आणि परगावची वाट
(द्वितीय वर्ष कला)

घरातील संगणकावर ठेवलेली गाणी, भाषणे व चित्रफिती परगावी बसून कशा ऐकाव्यात नि पाहाव्यात, हा विषय वरकरणी विज्ञानशाखेचा. तो कलाशाखेच्या विद्यार्थिनीने, आणि तोही महाविद्यालयाच्या वार्षिकात, का मांडावा असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आरंभीच देते. या विषयाला यंत्राची बाजू आहे तशी माणसांचीही बाजू आहे. यंत्राची बाजू चार रविवारांत उरकते. माणसांची बाजू आधी विचारात घेतली नाही, तर यंत्र उत्तम चालूनही काम बिघडते. घर कुणासाठी उघडायचे हे आधी ठरवावे आणि मग त्याला साजेसे दार बसवावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. मी स्वतः गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे काम आमच्या घरी केले. तेव्हा उदाहरणही घरचेच देते.

ठेवा कोणता?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरात पुस्तके फारशी नव्हती. होती ती चार कॅसेट ठेवलेली एक पत्र्याची पेटी. १९८८ साली आत्याच्या लग्नात हळद दळताना आजीने आणि आळीतल्या बायकांनी म्हटलेल्या ओव्या काकांनी उसन्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतल्या होत्या. एकेक कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एकूण चार तासांचे गाणे. आजी २०१९ साली वारली. तिचा धड फोटो घरात एकच आहे. आवाज मात्र चार तासांचा आहे. आत्या लग्नानंतर सुरतेला गेली. तिचे गावी येणे वर्षा-दोन वर्षांनी होते. मी शिक्षणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहात राहते. थोडक्यात, ठेवा एका गावी आणि तो ऐकू इच्छिणारी माणसे भलत्याच गावी, अशी स्थिती होती.

कॅसेटवरचा आवाज संगणकात घेण्याचे काम सोपे, पण सावकाशीचे आहे. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकाला जोडायची, 'ऑडॅसिटी' नावाचा मोफत प्रोग्रॅम चालू करायचा आणि फीत वाजू द्यायची. साठ मिनिटांची फीत साठ मिनिटेच घेते. तेथे घाई चालत नाही. मूळ ध्वनी सीडीच्या दर्जाने, काहीही न दाबता, साठवला तर मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. चार तासांचे अडीच गीगाबाइट होतात. हा मूळ संग्रह तसाच राखून ठेवावा. ऐकण्यासाठी त्याची एमपी-थ्री प्रत करावी. १२८ किलोबिटच्या दराने ती मिनिटाला साधारण एक मेगाबाइटमध्ये बसते.

हे झाल्यावर माझ्या चुलतभावाने सुचवले की, सगळे एखाद्या व्हिडिओच्या संकेतस्थळावर चढवून टाकावे, म्हणजे ज्याला हवे तो ऐकेल. सूचना सरळ होती. परंतु ओवी म्हणजे काय, हे ज्यांनी मराठीच्या तासाला लक्ष देऊन ऐकले आहे त्यांना तिच्यातली अडचण कळेल. जात्यावर बसलेली बाई देवाला गाते, भावाला गाते, तशी सासरच्या जाचालाही वाट करून देते. माणसांची नावे येतात, गावांची नावे येतात. हे बोलणे जात्यापुरते असते. त्या चार फितींत गायिलेल्या बायकांपैकी तिघी आज गावात आहेत. मी तिघींनाही फिती ऐकवल्या आणि विचारले. दोघी हसल्या, म्हणाल्या, "ऐकूदे की कुनालाबी." तिसऱ्या आजी मात्र बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पोरी, माझ्या लेकीनं ऐकावं. पर माझ्या सासरच्या मानसांच्या कानावर जाऊ देऊ नगं. अजून नांदतीया मी तितं."

या एका वाक्याने सारी तांत्रिक अट घालून दिली. कुणी ऐकायचे हे ज्यांचा आवाज आहे त्यांनी ठरवायचे, आणि यंत्राने तो शब्द पाळायचा.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ओव्या सर्वांसाठी खुल्या करणे गैर आहे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या जगापुढे ठेवल्या. ते काम फार मोठे आहे. त्या ओव्या अभ्यासासाठी म्हणून जमवलेल्या होत्या. आमच्या फिती लग्नघरातल्या होत्या. दोन्ही संग्रह मोलाचे. पण त्यांना दारे वेगवेगळी हवीत.

सर्व्हर म्हणजे काय?

'सर्व्हर' हा शब्द ऐकला की थंडगार खोलीतील मोठी कपाटे डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः जो संगणक कायम चालू राहतो आणि दुसऱ्या यंत्राने मागितलेली वस्तू त्याला काढून देतो, तो सर्व्हर. आमचा सर्व्हर म्हणजे भावाचा पडून असलेला जुना लॅपटॉप आहे. जुना लॅपटॉप या कामाला एका कारणाने फार बरा: त्याची बॅटरी हाच त्याचा इन्व्हर्टर. गावात वीज तास-अर्धा तास गेली तरी तो बंद पडत नाही. मात्र बॅटरी फुगलेली नाही ना, हे अधूनमधून पाहावे. फुगली असेल तर ती काढून टाकावी.

त्यावर 'जेलीफिन' नावाचा प्रोग्रॅम बसवला. पूर्वी 'एंबी' नावाचा असाच एक प्रोग्रॅम होता. त्याच्या कर्त्यांनी त्याची मूळ संहिता झाकायचे ठरवले तेव्हा, २०१८ च्या डिसेंबरात, काही मंडळींनी आधीची खुली संहिता घेऊन जेलीफिन वेगळा काढला. तो मोफत आहे आणि त्याची संहिता कुणालाही वाचता येते. या जातीचा 'प्लेक्स' हा प्रोग्रॅमही प्रसिद्ध आहे. परंतु घराबाहेरून आपलेच चित्रपट पाहण्यासाठी त्याने २०२५ च्या एप्रिलपासून पैसे आकारायला सुरुवात केली. आपल्याच घरात शिरायला भाडे का द्यावे, असा विचार करून मी जेलीफिन घेतला.

जेलीफिन संगणकावरील गाण्यांच्या नि चित्रफितींच्या फोल्डरांची नीट मांडणी करून ग्रंथालयासारखी दालने बनवतो. घरातल्या वायफायवर असलेला मोबाइल त्या संगणकाच्या पत्त्यावर, ८०९६ या क्रमांकाच्या खिडकीशी गेला, की दालने उघडतात. हा क्रमांक जेलीफिनचा ठरलेला आहे. अशा खिडकीला 'पोर्ट' म्हणतात. येथवर सारे सोपे. आईने स्वयंपाकघरात मोबाइलवर आजीचा आवाज ऐकला, तो याच पायरीला. अडचण सुरू होते ती घराचा उंबरठा ओलांडल्यावर.

पत्त्याची अडचण

आंतरजालावरील प्रत्येक यंत्राला अंकी पत्ता लागतो. आज बहुतांशी वापरात असलेली पत्त्यांची चौथी आवृत्ती १९८१ साली ठरली. तिच्यात पत्ते आहेत ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे सुमारे ४२९ कोटी. त्या काळी हा आकडा अफाट वाटला असेल. आज पृथ्वीवरील माणसे त्याहून जास्त आहेत, आणि एकेका माणसापाशी दोन-तीन यंत्रे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले.

मग काम चालते कसे? तर वाड्याच्या युक्तीने. मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असतात, पण टपालाचा पत्ता एकच. घरातील राउटर हा वाड्याचा दरवान. बाहेरच्या जगाला फक्त त्याचा पत्ता माहीत. आतल्या यंत्रांना तो १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती क्रमांक देतो. असे क्रमांक १९९६ साली घरगुती वापरासाठी म्हणून राखून ठेवले गेले आणि ते जगभर लाखो घरांत तेच ते असतात. आतल्या बिऱ्हाडाने बाहेर पत्र धाडले, की दरवान त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की त्या बिऱ्हाडाला पोचवतो. परंतु बाहेरून कुणी आपणहून आला, तर तो कुणाकडे आला हे दरवानाला ठाऊक नसते. तो त्याला परत पाठवतो. सुरतेहून आत्याचा मोबाइल आमच्या लॅपटॉपपाशी पोचत नाही, तो यामुळे.

खेड्यातल्या जोडण्यांवर आणखी एक पदर असतो. कंपनी प्रत्येक घराला बाहेरचा पत्ता देत नाही. शेकडो घरे मिळून एकाच पत्त्यावर बसवते. वाड्याबाहेर जणू साऱ्या आळीला एकच वेस, आणि वेशीवरचा दरवान कंपनीचा. या मधल्या पट्ट्यासाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे क्रमांक नेमून दिले गेले. आपल्या घरी हीच स्थिती आहे काय, ते ओळखण्याची रीत अशी: राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा, आणि 'माझा पत्ता काय' हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही निराळे असतील तर मध्ये कंपनीचा दरवान आहे असे समजावे. आमच्या राउटरचा पत्ता शंभराने सुरू होत होता. कंपनीच्या माणसाला स्वतंत्र पत्त्याविषयी विचारले, तेव्हा त्याने वेगळे वार्षिक शुल्क सांगितले आणि बाबांनी हात जोडले.

पत्त्यांची सहावी आवृत्ती सर्वत्र आली म्हणजे ही टंचाई उरणार नाही. तिचा पत्ता १२८ बिटांचा असल्याने तो संपण्याची भीती नाही. भारतात मोबाइलच्या जाळ्यांवर ती बरीच पसरली आहे. परंतु दोन्ही टोकांना ती असेलच, हा भरवसा अद्याप धरता येत नाही. शिवाय पत्ता मोकळा झाला तरी दाराचा प्रश्न उरतोच.

पहिली वाट : भिंतीला दार

जुनी आणि सर्वांना माहीत असलेली वाट अशी, की राउटरला सांगून ठेवायचे, "बाहेरून ८०९६ क्रमांकाची चौकशी करीत कुणी आला तर त्याला थेट लॅपटॉपकडे पाठव." याला 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणतात. बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून त्याला एक कायमचे नाव जोडून देणाऱ्या सेवाही आहेत.

ही वाट भिंतीला दार पाडण्यासारखी आहे. दार आपल्या माणसांसाठी पाडले, तरी ते रस्त्यावरच्या सर्वांना दिसते. आंतरजालावर असे दार शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. त्यांना आपले गाव लहान आहे की मोठे, याचे सोयरसुतक नसते. त्या दाराला कुलूप म्हणजे जेलीफिनचा पासवर्ड. प्रोग्रॅममध्ये उद्या एखादे वैगुण्य निघाले आणि ते आपण वेळेवर दुरुस्त केले नाही, तर ते कुलूप कामाचे नाही. ज्यांना हीच वाट हवी असेल त्यांनी निदान मध्ये एक वेगळा पहारेकरी प्रोग्रॅम बसवावा, दळणवळण सांकेतिक करून घ्यावे आणि दुरुस्तीच्या आवृत्त्या आल्या त्या दिवशी बसवाव्यात. एवढी राखण गावापासून दूर राहून मला जमणारी नव्हती.

गाण्यांच्या संगणकातून कुणी काय नेणार, असे काहींना वाटेल. त्यांच्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगते. 'लास्टपास' ही लोकांचे पासवर्ड सांभाळणारी अमेरिकन कंपनी. २०२२ साली चोरांनी तिच्या एका अभियंत्याच्या घरचा संगणक गाठला. त्या संगणकावर घरगुती करमणुकीसाठी प्लेक्सची जुनी आवृत्ती होती. तिच्यातील दोष २०२० च्या मे महिन्यातच दुरुस्त करण्यात आला होता; पण दुरुस्त आवृत्ती त्या संगणकावर कधी बसवलीच गेली नव्हती. त्या फटीतून शिरून चोरांनी अभियंत्याच्या कळफलकावर पाळत ठेवली, त्याचा मुख्य पासवर्ड उचलला आणि त्या आधारे कंपनीच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या सांकेतिक प्रती नेल्या. कंपनीने हे २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. चोराला गाण्यांशी कर्तव्य नव्हते; गाण्यांच्या शेजारी काय आहे, त्याच्याशी होते. आमच्या लॅपटॉपवर ओव्यांच्या शेजारी सातबाराच्या प्रती आणि बाबांच्या बँकेचे कागद होते. ते मी पहिल्याच दिवशी तेथून काढून दुसरीकडे ठेवले. हा नियम सर्वांनीच पाळावा: जो संगणक बाहेरच्यांसाठी उघडायचा, त्यावर घरचे कागद ठेवू नयेत.

दुसरी वाट : आपल्यांपुरता बोगदा

दुसऱ्या वाटेत भिंतीला दार पाडावे लागत नाही. आपल्या माणसांच्या यंत्रांमध्ये एक खासगी बोगदा खणायचा. ज्याच्यापाशी किल्ली आहे त्यालाच तो आहे हे कळते. याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'व्हीपीएन' म्हणतात. जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेली 'वायरगार्ड' ही यातील आजची नामांकित पद्धत. तिची संहिता जुन्या पद्धतींच्या मानाने फार आटोपशीर आहे आणि २०२० च्या मार्चमध्ये ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. तिच्यात प्रत्येक यंत्रापाशी किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, एक सांगण्याजोगी. अनोळखी माणसाने हाक मारली तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला तेथे घर आहे हेच कळत नाही.

पण मध्ये दोन-दोन दरवान असताना बोगदा जुळतो कसा? येथे 'टेलस्केल'सारखी सेवा उपयोगी पडते. ती वायरगार्डवरच उभी आहे आणि वैयक्तिक वापराला मोफत आहे. आत्याचा मोबाइल आणि आमचा लॅपटॉप, दोघेही आतून बाहेर टेलस्केलच्या समन्वय केंद्राशी बोलतात. आतून बाहेर जाणाऱ्याला दरवान अडवत नाही, हे वर पाहिलेच. केंद्र दोघांना एकमेकांचा बाहेरून दिसणारा पत्ता सांगते. मग दोघेही एकाच वेळी एकमेकांना निरोप धाडतात. प्रत्येक दरवानाला वाटते, आपल्या माणसाने पत्र पाठवले आहे आणि हे त्याचे उत्तर आहे. तो आत सोडतो. बोगदा जुळला. एखादा दरवान फारच कडक असेल तर निरोप मधल्या ठाण्यावरून जातात. वेग थोडा कमी होतो, परंतु किल्ल्या दोन टोकांनाच असल्यामुळे ठाण्याला आतले काही ऐकू येत नाही.

या वाटेलाही एक उणे आहे. कोण आपला, कोण परका, याची वही त्या कंपनीच्या केंद्रात राहते. हे ज्यांना मान्य नसेल त्यांना 'हेडस्केल' हा खुला प्रोग्रॅम स्वतःच्या यंत्रावर चालवून वही आपल्यापाशी ठेवता येते, पण त्याला बाहेरचा पत्ता असलेले एक यंत्र भाड्याने घ्यावे लागते. मी पहिल्या वर्षासाठी तयार सेवाच पत्करली.

प्रत्यक्ष कृती

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी पायऱ्या क्रमाने देते.

१. लॅपटॉपवर लिनक्स आणि जेलीफिन बसवावे. झाकण मिटले तरी यंत्र झोपू नये, अशी योजना करावी.

२. जेलीफिनमध्ये दालने वेगवेगळी करावीत. सगळे एका फोल्डरात टाकले तर पुढे कुणाला काय दाखवायचे हे निवडता येत नाही.

३. प्रत्येक माणसाला स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. व्यवस्थापकाचे अधिकार आपल्याशिवाय कुणाला देऊ नयेत. कोणते दालन कुणाला दिसावे, हे प्रत्येकाच्या नावापुढे खूण करून ठरवता येते.

४. घरच्या वायफायवर सारे चालते याची खात्री करावी. येथे चालत नसेल तर बाहेरूनही चालणार नाही.

५. लॅपटॉपवर टेलस्केल बसवून एका खात्याने प्रवेश करावा. हे खाते म्हणजेच आता घराचा मुख्य दरवाजा. तेव्हा त्याला पासवर्डखेरीज मोबाइलवरची दुसरी खात्रीही लावावी.

६. नातेवाइकांना आपल्या खात्यात घेऊ नये. त्यांनी स्वतःचे खाते काढावे, आणि आपण त्यांना फक्त तो एक लॅपटॉप वाटून द्यावा. टेलस्केलमध्ये ही सोय आहे. त्यामुळे आपली बाकीची यंत्रे त्यांना दिसत नाहीत आणि त्यांची आपल्याला.

७. टेलस्केलच्या किल्लीची मुदत सहसा १८० दिवसांची असते. ती संपली की यंत्र गटातून बाहेर पडते. सर्व्हर गावी आणि आपण परगावी, अशा स्थितीत हे गैरसोयीचे. म्हणून केवळ त्या यंत्रापुरती ही मुदत बंद करून ठेवावी.

८. शेवटी घराबाहेर जाऊन, वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर तपासावे. मी हे काम एस. टी. स्टँडवर केले.

वीज, वेग आणि खर्च

लॅपटॉप सरासरी १५ वॅट घेतो असे धरले, तर महिन्याला १०.८ युनिट होतात. जुना मोठा संगणक ५० वॅट घेत असेल तर ३६ युनिट. घरात बिल भरणाऱ्या माणसापुढे हा हिशेब आधी मांडावा, म्हणजे नंतर बोलणी खावी लागत नाहीत. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण राउटरला नाही. त्याच्यासाठी बारा व्होल्टचा लहान यूपीएस मिळतो, तो घ्यावा. आणि वीज बराच वेळ गेली, लॅपटॉपही बंद पडला, तर? जेलीफिन व टेलस्केल यंत्र सुरू होताच आपोआप सुरू होतील, अशी व्यवस्था केली आहे. आईला फक्त एक बटण दाबायचे असते.

वेगाबद्दल बोलायचे तर, बाहेर बसून ऐकताना घराचा 'अपलोड'चा वेग महत्त्वाचा असतो, कारण गाणे घरातून बाहेर जायचे असते. १२८ किलोबिटच्या गाण्याला सेकंदाला एक मेगाबिटचा आठवा भाग पुरतो. पाच-सहा जणांनी एकदम ऐकले तरी एक मेगाबिटच्या आत भागते. लग्नाच्या चित्रफितीला मात्र कित्येक मेगाबिट लागतात, आणि तिचा आकार ऐन वेळी लहान करून पाठवण्याचे काम जुन्या लॅपटॉपला पेलत नाही. चित्रफितींच्या लहान प्रती आधीच करून ठेवाव्यात, हे उत्तम.

आणखी एक इशारा. दुरून ऐकता येऊ लागले म्हणजे ठेवा सुरक्षित झाला, अशी समजूत होते. ती खरी नाही. लॅपटॉपची डिस्क एक दिवस बंद पडणारच. मूळ संग्रहाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घरी आणि एक दुसऱ्या गावी हवी. दुसऱ्या गावची प्रत मी आत्याकडे ठेवली आहे. मात्र तिच्यात तिला ऐकायची परवानगी आहे तेवढ्याच बाजू आहेत. कॅसेटही टाकून दिलेल्या नाहीत.

किल्ली कुणाला?

आता शेवटचा आणि माझ्या मते मुख्य मुद्दा. चार कॅसेटच्या आठ बाजू. त्यांपैकी तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर त्या तिसऱ्या आजींच्या ओव्या आहेत. ती बाजू मी स्वतंत्र दालनात ठेवली आणि त्याची खूण फक्त त्यांच्या पुण्यातल्या लेकीच्या नावापुढे केली. यंत्र मी चालवते, म्हणून मलाही ती दिसते. हे मी आजींना सांगितले आहे.

आत्याला सात बाजू दिसल्या. तिने फोन केला, "अगं, आठ होत्या ना? हळदीच्या दिवशी तर मी तिथंच बसले होते." मी म्हणाले, "आत्या, ती बाजू आजींनी फक्त लेकीला दिली आहे. तू त्यांनाच विचार." आत्या जरा थांबली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं. मीच विचारते." तिने आजींना फोन लावला. दोघी बऱ्याच वेळ बोलल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी आजींनी मला निरोप पाठवला, "तिला दे. ती तवा माझ्यासंगं रडली हुती." मी एक खूण केली. यंत्राचे काम तेवढेच होते. त्यानंतरच ती बाजू आत्याकडच्या डिस्कवरही गेली.

एक मर्यादाही सांगते. जेलीफिनमध्ये एखाद्याला 'उतरवून घेण्या'ची परवानगी नाकारता येते. पण ज्याच्या कानावर गाणे पडते तो दुसरा मोबाइल शेजारी ठेवून ते भरून घेऊ शकतो. ते कोणताच प्रोग्रॅम थांबवू शकत नाही. म्हणून किल्ली देताना माणूस पाहावा लागतो. माणूस ओळखण्याचे शास्त्र संगणकाच्या पुस्तकात नाही. ते बाकी आपल्या कलाशाखेच्या अभ्यासक्रमात थोडेफार आहे, असे मला वाटते.

समारोप

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी पेटी असेल. कुणाकडे आजोबांच्या भजनी मंडळाची, कुणाकडे गावच्या तमाशाची, कुणाकडे केवळ बारशातल्या गलक्याची. चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी झिजते आणि ती वाजवणारे चालू टेपरेकॉर्डर त्याहून वेगाने नाहीसे होत आहेत. तेव्हा येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या फिती संगणकात घ्याव्यात. त्या कुणापर्यंत पोचवायच्या ते, जे हयात आहेत त्यांना विचारावे. जे नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारावे. मग या लेखातील पायऱ्या हाती घ्याव्यात. फिती कशा घ्याव्यात हे मी दर शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर दाखवीन. येताना कॅसेट आणावी, आणि तिच्यात कोण बोलते आहे, हे घरी विचारून यावे.